जागतिक बाजारातील अडथळे आणि आपला धान



चंद्रपूर जिल्ह्यातील मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड व ब्रह्मपुरी आणि गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा व चामोर्शी हा सगळा धानाचा पट्टा आहे. मामा तलाव, बोडी आणि पावसाचे पाणी यांवर येथील खरीप उभा राहतो. अशा भागातील शेतकऱ्याला अमेरिका आणि युरोप यांच्यातील गोमांसाच्या तंट्याशी किंवा जपानने सफरचंदावर घातलेल्या अटींशी काय देणेघेणे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

देणेघेणे आहे. श्रीमंत देश एकमेकांचा शेतमाल अडवण्यासाठी जे नियम करतात, तेच पुढे सर्व देशांच्या मालाला लागू होतात. असा एक नियम २०१८ सालापासून थेट धानाच्या बांधीपर्यंत आला आहे. तो आपण करप्यावर फवारतो त्या औषधाबद्दलचा आहे. हा नियम कसा आला, त्याचा आपल्या मालाच्या भावाशी काय संबंध आहे आणि त्यावर आपल्याला काय करता येईल, याची माहिती या लेखात दिली आहे.

अडथळे किती प्रकारचे?

अन्नधान्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारातील अडथळ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

१) आयात शुल्क : बाहेरून येणाऱ्या मालावर कर बसवून तो महाग करणे.

२) कोटा : ठरावीक टनांपेक्षा जास्त माल येऊ न देणे, किंवा जास्तीच्या मालावर जबर शुल्क लावणे.

३) आरोग्य व पीक संरक्षणाच्या अटी : मालात कीड, रोग, बुरशीचे विष किंवा कीडनाशकाचे अंश आढळल्यास तो परत पाठवणे.

डंकेल प्रस्तावावरून देशभर उठलेले वादळ जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या वाटाघाटींतून १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. शेतमालावरील आयातबंदी व कोटा यांचे शुल्कात रूपांतर करावे आणि विकसित देशांनी सहा वर्षांत हे शुल्क सरासरी ३६ टक्क्यांनी कमी करावे, असे त्यात ठरले. तिसऱ्या प्रकारासाठी वेगळा करार झाला. माणसांच्या, जनावरांच्या व पिकांच्या आरोग्यासाठी कोणत्याही देशाला अटी घालता येतील, मात्र त्यांना शास्त्रीय आधार असला पाहिजे, असे तो करार सांगतो.

पहिले दोन दरवाजे थोडे उघडले, तसे तिसऱ्या दरवाजावरचे महत्त्व वाढले. शुल्क किती हे आधी कळते आणि ते भरून माल पुढे नेता येतो. तिसऱ्या प्रकारात प्रयोगशाळेचा एक अहवाल आला की अख्खे कंटेनर बंदरातून परत फिरते.

श्रीमंत देशांचे आपसातील तंटे

गोमांस : अमेरिकेत जनावरांच्या जलद वाढीसाठी संप्रेरके वापरतात. युरोपने अशा जनावरांच्या मांसाची आयात १९८९ पासून बंद केली. अमेरिका व कॅनडाने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. युरोपने पुरेसे शास्त्रीय मूल्यमापन केलेले नाही, असा निर्णय १९९८ मध्ये लागला. तरीही युरोपने बंदी उठवली नाही. तेव्हा १९९९ मध्ये अमेरिकेने वर्षाला ११ कोटी ६८ लाख डॉलर किमतीच्या युरोपीय मालावर १०० टक्के शुल्क लावले. हा वाद २००९ च्या समझोत्याने निवळला. युरोपने संप्रेरके न वापरलेल्या जनावरांच्या मांसासाठी शुल्कमुक्त कोटा दिला. म्हणजे खटला जिंकूनही अमेरिकेचा मूळ माल युरोपात गेला नाही. तेथे गेला तो युरोपच्या अटीप्रमाणे तयार केलेला माल.

सफरचंद : फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाच्या भीतीने जपानने अमेरिकी सफरचंदांवर कडक अटी घातल्या होत्या. बागेभोवती ५०० मीटरचा रोगमुक्त पट्टा आणि वर्षातून तीन वेळा तपासणी या त्यांतील दोन अटी. पिकलेल्या, निरोगी फळातून हा रोग पसरतो याला पुरेसा पुरावा नाही, असा निकाल २००३ मध्ये लागला. याच रोगाचे कारण देऊन ऑस्ट्रेलियाने शेजारच्या न्यूझीलंडची सफरचंदे १९२१ पासून अडवली होती. त्याचा निकाल लागायला २०१० साल उजाडले.

तांदूळ : जपानने आपला भात उत्पादक सर्वांत जास्त जपला. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात पीक बुडाले तेव्हा जपानला तांदूळ आणावा लागला. १९९५ पासून करारानुसार थोडी आयात सुरू झाली. १९९९ पासून कोट्याबाहेरच्या तांदळावर शुल्क बसले आणि पुढे ते किलोमागे ३४१ येन ठेवण्यात आले. एवढ्या शुल्कानंतर बाहेरचा तांदूळ विकणे जवळजवळ अशक्य होते.

यात आपणही मागे नाही. बर्ड फ्लूचे कारण देऊन भारताने २००७ मध्ये अमेरिकी कोंबडीवर घातलेली बंदी २०१५ मध्ये नियमबाह्य ठरली.

या तंट्यांतून दोन गोष्टी दिसतात. पहिली, आरोग्याची खरी काळजी आणि स्वतःच्या शेतकऱ्याचे संरक्षण या दोन्ही गोष्टी एकाच अटीत मिसळलेल्या असू शकतात आणि त्या वेगळ्या काढायला वर्षे लागतात. दुसरी, अमेरिकेसारखा देशही खटला जिंकून ग्राहकाचे मन वळवू शकला नाही. मग दोन एकर धान असलेल्या शेतकऱ्याने अशा निकालाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्राने घेतलेले अनुभव

आपल्या राज्यातील फळबागायतदारांना या तिसऱ्या दरवाजाची ओळख आधीच झाली आहे. २०१० मध्ये द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ नियंत्रकाचे अंश आढळल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांची कोंडी झाली. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूससह सर्व भारतीय आंबा, तसेच अळू, कारली, पडवळ व वांगी यांची आयात थांबवली. आदल्या वर्षी फळभाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी व इतर किडी सापडल्या होत्या. जेथे आंबा पिकत नाही त्या देशांना आंब्यातील किडीची भीती का, असे आपल्याला वाटेल. त्यांना चिंता होती ती काचगृहातील स्वतःच्या भाज्यांची.

दोन्ही वेळा मार्ग निघाला तो शेतापासून नोंद ठेवून. द्राक्षात बागेची नोंदणी, फवारणीची वही आणि काढणीपूर्वी नमुन्याची तपासणी ही पद्धत पक्की झाली. आंब्यात पॅकहाऊसमधील प्रक्रिया व तपासणी सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवण्यात आली. नाशिक, सांगली आणि कोकणातील बागायतदारांनी जे केले, त्यातील बराचसा भाग धान उत्पादकालाही करता येण्यासारखा आहे.

तांदळापुढील अडथळे

युरोपात इटली हा सर्वांत मोठा भात उत्पादक देश आहे. तेथील शेतकरी व गिरण्या यांना जपण्यासाठी युरोपीय संघाने शुल्काची रचना केली. २००५ च्या सुमारास ठरलेल्या पद्धतीत नुसते टरफल काढलेल्या तांदळावर आयातीच्या प्रमाणानुसार टनामागे ३० ते ६५ युरो, तर पांढऱ्या तांदळावर १४५ किंवा १७५ युरो शुल्क ठेवले गेले. कच्च्या मालावर कमी व तयार मालावर जास्त शुल्क, म्हणजे भरडाईचा धंदा आपल्या देशात राहावा असा हा हिशेब. कंबोडिया व म्यानमारचा तांदूळ शुल्काशिवाय येऊ लागला तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये त्यावरही टनामागे १७५ युरो शुल्क बसले. पुढील दोन वर्षांत ते १५० व १२५ युरो करण्यात आले. हे शुल्क लावण्याचा निर्णय युरोपच्याच न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द ठरवला, पण तोपर्यंत तीन वर्षे उलटून गेली होती.

आता आपल्या बांधीतील औषधाकडे वळू. ट्रायसायक्लॅझोल हे करपा व मानमोडीवरचे बुरशीनाशक आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. युरोपात तांदळातील त्याच्या अंशाची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम होती. औषधाच्या सुरक्षिततेबद्दल पुरेशी माहिती उपलब्ध नाही, असे कारण देऊन २०१७ मध्ये ती ०.०१ मिलिग्रॅमवर आणण्याचा निर्णय झाला आणि २०१८ च्या सुरुवातीपासून तो लागू झाला. म्हणजे मर्यादा एका झटक्यात शंभर पट कडक झाली. त्याच सुमारास जपानमध्ये याच औषधासाठी किलोला ३ मिलिग्रॅम मर्यादा होती. एकच दाणा एका देशात चालतो, दुसऱ्यात चालत नाही, तो असा.

किलोला ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे किती, हे समजून घेणे आवश्यक आहे. शंभर टन, म्हणजे हजार क्विंटल तांदळात एक ग्रॅम. आपण ७५ टक्के ट्रायसायक्लॅझोल १० लिटर पाण्यात ६ ग्रॅम या प्रमाणात वापरतो. एकरी २०० लिटर पाणी धरल्यास १२० ग्रॅम भुकटी लागते व तीत ९० ग्रॅम मूळ औषध असते. हे ९० ग्रॅम औषध नऊ हजार टन तांदळाला पुरेल एवढे आहे, असा त्या मर्यादेचा अर्थ होतो. फवारलेले सर्व औषध दाण्यात जात नाही. बराचसा भाग उन्हापावसाने नाहीसा होतो, काही तनसात व कोंड्यात राहतो. तरीही उशिरा केलेली एक फवारणी ही मर्यादा ओलांडू शकते.

आपल्या भागातील अडचण

आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ढगाळ हवा, रात्रीचा गारवा आणि दव एकत्र आले की करपा झपाट्याने वाढतो. लोंबी बाहेर पडताना मान काळी पडली की हातचे पीक जाते, म्हणून शेतकरी तातडीने फवारणी करतो. हे अगदी समजण्यासारखे आहे. परंतु ५० टक्के फुलोऱ्यापासून कापणीपर्यंत आपल्या हाती ३० ते ३५ दिवसच असतात आणि या औषधाचा लेबलवरील प्रतीक्षा कालावधी ३० दिवसांचा आहे. फुलोऱ्यानंतर फवारल्यास हा कालावधी पुरा होत नाही. शिवाय तो आपल्या देशातील मर्यादा धरून ठरवलेला असतो. तो पाळला म्हणजे युरोपची मर्यादाही पाळली गेली, असे समजू नये.

दुसरी अडचण मिसळीची. आपला बहुतेक धान आदिवासी विकास महामंडळ व पणन महासंघाच्या आधारभूत केंद्रांवर जातो, तर एचएमटी, जय श्रीरामसारखा बारीक धान खाजगी गिरण्यांकडे जातो. गिरणीत अनेक गावांचा माल एकत्र होतो. समजा, दहा पोत्यांपैकी नऊ पूर्ण स्वच्छ आहेत आणि एकात किलोला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा थोडा जास्त अंश आहे. मिसळल्यावर दहाही पोती मर्यादेबाहेर गेली. कोणाचे पोते ते कळत नाही आणि अडलेल्या मालाचा तोटा पुढच्या खरेदीत सर्वांच्याच भावातून वसूल होतो. ज्याने फवारणीच केली नाही त्यालाही तो सोसावा लागतो.

आपला सगळाच तांदूळ युरोपला जाणार आहे असे नाही. भारताचा बिगर-बासमती तांदूळ मुख्यतः आफ्रिका व आशियातील देशांत जातो. परंतु मोठे खरेदीदार अधिक भावाच्या मालासाठी सर्वांत कडक मर्यादा धरून मागणी करतात. नागभीड तालुक्यातील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांनी शेतातील निवडीतून शोधलेल्या एचएमटी वाणाने या भागाच्या बारीक तांदळाला नाव मिळवून दिले. ते नाव अधिक भावात उतरवायचे असेल तर दाण्याच्या बारीकपणाबरोबर त्याच्या स्वच्छतेचीही खात्री देता आली पाहिजे.

अडथळे परदेशातूनच येतात असेही नाही. देशातील भाव आटोक्यात ठेवण्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये तुकडा तांदळाची आणि २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. पांढऱ्या तांदळावरील बंदी २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली. त्यामुळे केवळ निर्यातीच्या भरवशावर लागवडीचे नियोजन करू नये. खाली दिलेले उपाय देशातील बाजारासाठीही तितकेच उपयोगी आहेत, कारण पेरणीपासूनचा खर्च त्यात वाचतो आणि तोच तांदूळ आपल्या घरच्या ताटातही असतो.

धान उत्पादकांनी काय करावे?

१) करपा मुळात कमी यावा यासाठी शक्यतो आपल्या भागासाठी शिफारस केलेला, रोगास कमी बळी पडणारा वाण निवडावा. बियाणे ३ टक्के मिठाच्या द्रावणात (१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ) बुडवून वर तरंगणारे पोचट व रोगट बी काढून टाकावे. खाली बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे व शिफारशीप्रमाणे बीजप्रक्रिया करावी.

२) नत्राचा अतिरेक टाळावा. हिरवेगार, लुसलुशीत पीक करप्याला लवकर बळी पडते. नत्राची मात्रा एकदम न देता निम्मी रोवणीच्या वेळी, पाव हिस्सा फुटवे येताना व पाव हिस्सा लोंबी धरण्याच्या सुरुवातीला द्यावी.

३) धुऱ्यावरील गवत काढून बांधी स्वच्छ ठेवावी. आठवड्यातून एकदा पिकात फिरून पानावरील डोळ्याच्या आकाराचे ठिपके पाहावेत. फवारणीची गरज असल्यास ती पानावरील करप्याच्या वेळीच करावी, लोंबी बाहेर पडेपर्यंत थांबू नये.

४) दुकानदार सांगेल ते औषध न घेता कृषी विज्ञान केंद्र किंवा सिंदेवाही येथील विभागीय कृषी संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून मारू नयेत. तुडतुड्यांवरील व खोडकिड्यावरील औषधांच्या अंशांवरही अशाच मर्यादा आहेत, हे लक्षात ठेवावे. पंजाब सरकारने २०२२ मध्ये बासमती पट्ट्यासाठी दहा कीडनाशकांच्या विक्रीवर हंगामात ६० दिवस बंदी घातली होती. ट्रायसायक्लॅझोल त्यातील एक होते.

५) प्रत्येक बांधीची वही ठेवावी. गट क्रमांक, वाण, रोवणीची तारीख, औषधाचे नाव, प्रमाण, फवारणीची तारीख व कापणीची तारीख एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. औषधाची पावती वहीत चिकटवून ठेवावी.

६) फुलोऱ्यानंतर फवारलेल्या बांधीतील धान वेगळा कापावा, वेगळा मळावा व वेगळा ठेवावा. तो आधारभूत केंद्रावर किंवा स्थानिक बाजारात नेतानाही लेबलवरील प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला असावा.

७) कापणीपूर्वी ८ ते १० दिवस बांधीतील पाणी काढून टाकावे. कडपा पावसात सापडल्यास दाण्यावर बुरशी येते व त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. युरोपात थेट खाण्याच्या तृणधान्यात त्याची एकूण मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम, तर आपल्या देशात १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणून भारे ओले असताना पुंजणे रचू नयेत. मळलेला धान डांबरी रस्त्यावर न पसरता ताडपत्रीवर वाळवावा. आधारभूत केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, परंतु साठवणुकीसाठी तो १४ टक्क्यांच्या खाली असावा.

८) एकट्याने अंशांची तपासणी करणे परवडत नाही. एकाच वाणाच्या, एकाच पद्धतीने पिकवलेल्या धानाचा गट करावा. गावातील गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकत्रित नमुना तपासावा. खरेदीदाराशी बोलणी करताना अहवाल व वही समोर ठेवावी. मर्यादा बदलत असतात, म्हणून निर्यातीचा विचार असल्यास पेरणीपूर्वीच अपेडाकडून त्या वर्षीची माहिती घ्यावी.

वनोपजाबाबत थोडेसे

आपल्या जिल्ह्यांत धानाइतकाच आधार जंगलाचा आहे. २०२१ मध्ये छत्तीसगडमधील कोरबा भागातील सुकवलेली मोहफुले फ्रान्सला गेली, त्यामुळे आपल्याकडेही उत्सुकता वाढली आहे. येथे वेगळा अडथळा लक्षात घ्यावा. १५ मे १९९७ पूर्वी युरोपात फारसा खाल्ला न गेलेला पदार्थ तेथे ‘नवीन अन्न’ समजला जातो व त्याला परवानगी लागते. पारंपरिक पदार्थ असेल तर तो निदान २५ वर्षे सुरक्षितपणे खाल्ला जात असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ग्रामसभा व बचत गटांनी कोणाला आगाऊ माल देण्यापूर्वी संबंधित पदार्थाला अशी परवानगी आहे का, याची खात्री करावी. मोहफुले जमिनीवरून वेचण्याऐवजी झाडाखाली जाळी बांधून गोळा केल्यास माती व खडे लागत नाहीत, म्हणजे हा पहिला टप्पा आपल्या हातात आहे.

समारोप

वारंवार बदलणाऱ्या मर्यादांचा भार शेवटी लहान शेतकऱ्यावर पडतो, ही तक्रार रास्त आहे. करप्याला पर्यायी उपाय शोधणे हे संशोधन केंद्रांचे काम आहे, तपासणीची सोय जिल्ह्यातच करणे आणि वाटाघाटींत आपली बाजू मांडणे हे शासनाचे. त्यासाठी शेतकऱ्यांनी आपल्या संघटनांमार्फत आग्रह धरला पाहिजे. परंतु एखादी अट आरोग्यासाठी घातली की आपला माल अडवण्यासाठी, याचा निवाडा होईपर्यंत अनेक हंगाम निघून जातात. दाण्यात काय जाते व काय राहते, हे मात्र याच हंगामात बांधीवर ठरते. येत्या खरिपात पऱ्हे टाकण्यापूर्वी गावातील आठ-दहा शेतकऱ्यांनी एकत्र बसून एक वाण ठरवावा व प्रत्येकाने एक वही घ्यावी. अधिक माहितीसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.